मंतेरावचा राजपाल

मंतेराव कोण होता असं उमरग्यात विचारलं, तर निम्मे लोक सांगतील की निजामाच्या काळातला कुणी देशमुख असेल. असा माणूस कधी नव्हताच. शिवानंद कापडवाला सोलापूरहून जुन्या परदेशी कपड्यांचे गठ्ठे आणून आठवडी बाजारात विकायचा. एका गठ्ठ्यात त्याला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे एकसारखे शर्ट सापडले. छातीवर किल्ल्याचं चित्र आणि त्याखाली नाव. बँडवाल्यांचे कपडे वाटतात म्हणून ते कुणी घेईना. शेवटी त्यानं ते राजपालला देऊन टाकले, कारण राजपालकडे खेळणारी पोरं होती आणि पोरांच्या अंगावर धड दोन शर्ट सारखे नव्हते. छातीवरचं नाव होतं ‘मोंतेरावो’. पहिल्याच सामन्यात माइकवर बोलणाऱ्यानं ते ‘मंतेराव’ असं वाचलं आणि क्लबचं बारसं झालं.

राजपाल हैदराबाद हायवेला ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दुरुस्त करतो. त्याचे वडील पिराजी गवंडीकाम करायचे. राजपाल तरुणपणी सिकंदराबादला एका गॅरेजात कामाला होता. गॅरेजच्या मागं मैदान होतं आणि संध्याकाळी तिथं फुटबॉल चालायचा. एकदा त्यांना एक गडी कमी पडला, म्हणून ह्याला हाक मारली. तिथून त्याचं वेड सुरू झालं. पुढं पिराजी बांधकामाच्या परांचीवरून पडून अंथरुणाला खिळले आणि राजपाल गावी परतला, तो एक फुटलेला बॉल सोबत घेऊनच.

तेव्हा गावात क्रिकेट सोडून दुसरा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं मोठं रान पडीक होतं. राजपालनं बाभळी तोडल्या, जुने पाइप जोडून गोलपोस्ट उभे केले. भीमनगरची पोरं आली, मग पेठेतल्या लिंगायत दुकानदारांची, मग फळगाडेवाल्यांची. मैदानावर मराठी, कानडी आणि दखनी एकदमच चालायची. राजपालची बायको क्षमा एका दवाखान्यात नर्स. घरचं पाहायचं सोडून नवरा पोरांच्या मागं पळतो म्हणून ती चिडायची, पण कुणाचा घोटा सुजला की पट्टी तीच बांधायची.

आणि क्लब वर चढला. खोटं कशाला सांगू, आम्हा गावकऱ्यांना तो खेळ फारसा कळत नव्हता. पण मंतेरावनं गुलबर्ग्याच्या संघाला हरवलं तेव्हा आम्हीही टेम्पोमागं नाचलो. विभागीय लीगच्या तळच्या गटातून ते वरच्या गटात गेले. एका वर्षी तर लातूर-नांदेडचे मोठे संघ मागं टाकून दुसरे आले. राजपालची मुलगी पौर्णिमा तेव्हा नववीत होती. तिनं मोबाइलवर शोधून काढलं की मोंतेरावो हे इटलीतलं डोंगरातलं छोटं गाव आहे, तिथं कौलांचा कारखाना होता आणि गावाचा एक जुना क्लब आहे, ह्याच शर्टांचा. तेव्हापासून राजपाल दर सोमवारी तेलकट बोटांनी त्यांचा निकाल बघायचा. “आज आपले हरले,” म्हणायचा, आणि कुठले आपले, हे विचारावं लागायचं.

तिकडचे आपले हरतच होते. कौलांचा कारखाना बंद पडल्यापासून तो क्लब एकेक पायरी खाली येत होता. शेवटी शेवटी त्यांनी शाळकरी मुलं उतरवून सामने खेळले. मग एका रविवारी संघ मैदानात आलाच नाही आणि क्लबचं नाव लीगमधून काढून टाकलं, मैदानाला कुलूप लागलं. पौर्णिमानं ही बातमी वाचून दाखवली तेव्हा राजपाल जेवत होता. तो हात धुऊन उठला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जिनिंगच्या मालकाच्या वारसांनी रान विकलं. एका सकाळी पोरं गेली तर मैदानभर प्लॉटिंगचे दगड रोवलेले आणि गोलपोस्ट आडवे पडलेले. राजपाल सगळ्यांकडं जाऊन आला. वारसांना भेटला, नव्या मालकाला भेटला, पुढाऱ्यांच्या दारात बसला. प्रत्येकानं चहा पाजला. पायाखालची जागा कुणीच दिली नाही. मग बायपासच्या कडेला मुरमाच्या पट्ट्यावर सराव सुरू झाला. तिथं पडलं की कातडं सोलून निघायचं. ज्यांच्या घरचे आधीच कुरकुरत होते त्यांनी येणं थांबवलं. बारावी झालेले पुण्याला कंपन्यांत गेले. संघाचा सगळ्यात चांगला गडी कृष्णराज, गोल मारणारा, तोही चाकणला लागला. सामन्यापुरता तेवढा तो रात्रीची बस धरून यायचा.

गोलकीपर व्यंकट मात्र हलला नाही. कर्नाटकच्या शिवेलगतच्या वस्तीवर त्याची आई रुद्रम्मा दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं जायची. बाप लवकर गेलेला. व्यंकट उमरग्यात ट्रकांची टायरं काढायच्या कामाला होता आणि त्या मुरमावर एकटाच असला तरी राजपालकडून बॉल मारून घ्यायचा. मंतेराव बुडणार नाही असं आता मानणारे दोघंच उरले होते.

लीगचा नियम होता, एका हंगामात दोनदा सामना पुरा करता आला नाही तर क्लब बाद. नांदेडला गडी जमले नाहीत म्हणून एकदा सामना सोडावा लागला होता. पुढचा लातूरला. राजपालनं आठवडाभर फोन केले. कुणाची ड्यूटी, कुणाचं लग्न, कुणी फोनच उचलला नाही. आठ जण जमले. सातापेक्षा कमी उरले की पंच सामना थांबवतो. राजपालची नोंद प्रशिक्षक म्हणून होती, त्याला स्वतःला उतरता येत नव्हतं.

पहिल्या अर्ध्यातच एकाची मांडी आखडली आणि तो लंगडत बाहेर आला. उरले सात. समोर अकरा. तरीही कृष्णराजनं कुठूनसा बॉल मिळवला, एकट्यानं पुढं नेला आणि गोल केला. त्यानंतर बाकी सगळा खेळ व्यंकटच्या पुढ्यात झाला. त्यानं काय काय अडवलं ते लातूरकरही उभे राहून बघत होते. ते अडवतानाच एकदा तो समोरच्याच्या पायांत झेपावला आणि गुडघा त्याच्या कानशिलावर बसला.

तो लगेच उठला. पाणी मारलं. पंचानं विचारलं, तर बरा आहे म्हणाला. राजपाल जवळ गेला तेव्हा त्यानं हसून मान हलवली. डोळे जरा वेगळे दिसत होते. राजपालला ते दिसले. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात मोंतेरावोचं कुलूप घातलेलं मैदान होतं, असं त्यानं नंतर क्षमाला सांगितलं. त्यानं व्यंकटच्या पाठीवर थाप मारली आणि तो बाहेर आला.

खेळ पुन्हा सुरू झाला. एक बॉल पोस्टला लागून गेला, तो व्यंकटला दिसलाच नाही. मग तो गोल सोडून कडेला चालत गेला आणि वाकून ओकला. राजपाल पळत आत शिरला.

“व्यंकट, आपण कुठं आलोय?”

व्यंकटनं इकडं तिकडं बघितलं. “बाजाराला,” तो म्हणाला.

कृष्णराज धावत आला. तो रडकुंडीला आला होता. “दादा, आता थोडकाच वेळ ऱ्हायलाय. ह्याला पोस्टला टेकून उभा करू. आमी बॉल हिकडं येऊच देत न्हाय.”

बाकीचेही हात जोडून उभे होते. राजपालनं व्यंकटच्या काखेत हात घातला आणि दुसरा हात पंचाकडं वर केला. पंचानं शिट्टी वाजवली. पुढं असताना मंतेरावनं सामना सोडला आणि क्लब तिथंच संपला.

व्यंकटला लातूरला दाखवलं, तिथून रात्रीच सोलापूरला हलवलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं आणि तो वाचला. पण डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टरांनी क्षमाला बाजूला घेऊन सांगितलं की सुधारणा होईल, पण पूर्वीसारखा होणार नाही. ती नर्स असल्यानं तिच्यापासून त्यांनी आडपडदा ठेवला नाही. तिनंही तो नवऱ्यापासून ठेवला नाही.

कृष्णराज पुन्हा गावात आला तेव्हा राजपालच्या दुकानावरून मान फिरवून गेला. दुसऱ्या एकानं तोंडावर सांगितलं की क्लब तुम्हीच मारला. लोकांची समजूत अशी की राजपाल घाबरला आणि त्यानं लवकर माघार घेतली. राजपालला नेमकं उलटं वाटत होतं. पाठीवर थाप मारून तो बाहेर आला तिथपासून व्यंकट ओकला तिथवरचा वेळ त्याच्या डोक्यातून जाईना. ट्रकखाली झोपला तरी तेच. एकदा जॅक नीट न लावताच तो खाली शिरला आणि मदतनिसानं पाय धरून ओढला म्हणून वाचला. हे चुकून झालं की कसं, हे क्षमानं कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ती काही दिवस दवाखान्यातून सुटली की घरी न जाता दुकानावर येऊन बसायची.

पौर्णिमानं एकदा त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं की मोंतेरावोच्या लोकांनी क्लब पुन्हा काढलाय, अगदी तळच्या गटातून सुरुवात केलीय.

“त्यास्नी मैदान हाय,” राजपाल म्हणाला. नंतर त्यानं तिकडचा निकाल कधी विचारला नाही.

रुद्रम्माच्या दाराशी जायला त्याला पावसाळा उलटावा लागला. व्यंकट आत बाजेवर झोपला होता. रुद्रम्मा उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. तिनं त्याला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. ती पुन्हा पाखडायला बसली. मग तिनं विचारलं.

“अण्णा, एक सांगा. लागल्याबरोबर भाईर काढलासा न्हवं त्याला?”

व्हय म्हटलं असतं तर तिनं ते खरं मानलं असतं. सगळ्या गावाची तीच समजूत होती.

“न्हाय, अक्का,” राजपाल म्हणाला. “म्या त्याचे डोळे बघितले व्हते. तरी उभा ठिवला. उलटी झाल्यावर काढला.”

सूप थांबलं. ती उठून आत गेली आणि राजपालला वाटलं, आता दार लागेल. आत भांड्याचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिचा पदर ओला होता.

“मला उजाडताच मळ्यात जावं लागतंय,” ती म्हणाली. “त्याला धरून चालवा म्हनलंय डॉक्टरनं. चालवायला कोन हाय माझ्याकडं? रोज सकाळी येत जावा.”

तिनं माफ केलं असं राजपाल म्हणत नाही. ती अजूनही त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तो पहाटे मोटरसायकल काढतो, वस्तीवर जातो, व्यंकटच्या कमरेला हात घालून त्याला बांधावरून चालवतो आणि दुकान उघडायच्या वेळेला परततो. व्यंकटला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. कधीमधी तो मध्येच थांबतो आणि शब्द जुळवत विचारतो, लातूरला आपण जिंकलो का.

राजपाल सांगतो की एका गोलनं पुढं होतो. पुढचं व्यंकट विचारत नाही. विचारायच्या आधीच दमतो आणि बांधावर बसतो. मग राजपाल त्याचा डावा पाय मांडीवर घेतो आणि क्षमानं शिकवलं तसा चोळत राहतो. हिवाळा सरला, पण पाय तेव्हा होता तसाच आहे, थंड.