उलटा हात लावून बघा

नोव्हेंबर २००५, दोह्यातली रविवारची सकाळ. काम: कंपाउंडातल्या सगळ्या व्हिलांचे गरम पाण्याचे पंप हिवाळ्यासाठी चालू करून घेणं. समोरच्या खुर्चीत फोरमन, त्यांच्या कानाला फोन, आणि पलीकडे कुणी बाई डोक्याला शाम्पू लावून अडकलेली. फोरमन तिला त्यांच्या कराडी हिंदीत समजावताहेत, "न्हाय न्हाय मॅडम, तळवा नको. उलटा हात लगाव. बच्चे का बुखार देखते ना, वैसा."

माझ्याही कानाला त्याच लाइनचा दुसरा फोन होता. का होता, ते पुढे येईलच.

त्यांचं नाव लिहीत नाही. ऑफिसातही ते कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते फोरमन. खरं तर फोरमनकी केव्हाच गेली होती. उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावातल्या एका कामावर शिडीवरून पडले, गुडघा कायमचा वाकडा झाला. कंपनीने त्यांना घरी न पाठवता वेस्ट बेमागच्या आमच्या कंपाउंडात, मी नोकरीला होते त्या देखभालीच्या ऑफिसात, तक्रारींच्या फोनवर बसवलं. राहायचे नजमा वस्तीत, सहा जणांच्या खोलीत. घरी कराडजवळच्या गावात बायको, आणि नर्सिंग शिकणारी मुलगी. "तिचं शेवटचं वरीस झालं की मी सुटलो, ताई," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मलाच तिच्या परीक्षांच्या तारखा पाठ झाल्या.

तुमच्यापैकी जे दोह्यात राहिलेत त्यांना उन्हाळ्याची गंमत माहीत आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाला उकळतं पाणी येतं. मग आपण हीटर बंद करतो आणि घरात सावलीत असलेल्या हीटरमधलं पाणी थंड म्हणून वापरतो. म्हणजे अंघोळीला गरम नळ सोडायचा आणि गार पाणी घ्यायचं. सहा महिने सगळं उलटं. नोव्हेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की सगळे एकदम हीटर लावतात, आणि महिनोन् महिने बंद पडून राहिलेल्या पंपांच्या तक्रारी एकाच आठवड्यात येऊन कोसळतात.

पंप म्हणजे फार काही नाही, दोन मुठींएवढं यंत्र. मोठ्या व्हिलात हीटर एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला. नळ सोडून वाट बघत बसावं लागू नये म्हणून हा पंप गरम पाणी पाइपातून फिरवत ठेवतो. कधी फिरायचं ते मात्र तो स्वतः ठरवत नाही. एक टायमर असतो, आणि परतीच्या पाइपाला बांधलेला एक थर्मोस्टॅट असतो. ते सांगतील तेव्हा हा चालतो.

फोरमनना जिना चढता येत नव्हता, म्हणून ते दुसऱ्यांचे हात वापरत. जाणाऱ्या पाइपाला हात लावा, परतणाऱ्याला लावा. एक गरम आणि एक गार? मग पाणी फिरत नाही. आता पंपाला लावा. चटका बसतोय आणि हाताला काही थरथर लागत नाही? मग वीज पोचतेय, आतलं चाक अडकलंय. बटण बंद करा, माणूस पाठवतो. पंपच गारढोण? "मग त्याचा काय गुन्हा? त्याला कुनी चल म्हटलंच न्हाय."

मग टायमर. पुण्याच्या एक वहिनी होत्या, बाराव्या व्हिलात. त्यांचं आणि फोरमनचं बोलणं मी एकदा ऐकलं ते असं:

"वैनी, घड्याळात किती वाजलेत?"

"माझ्या की पंपाच्या?"

"पंपाच्या."

"रात्रीचे दोन."

"आन तुमच्या?"

"सकाळचे आठ."

"मग त्यो निजलाय की अजून! काटा फिरवा फुडं."

उन्हाळ्यात वीज गेली की टायमर तेवढा वेळ थांबतो आणि मग चुकीच्या वेळेला इमानाने काम करत राहतो. अर्ध्या तक्रारी एवढ्याच असत. माणूस न पाठवता मिटत.

बायका त्यांच्यावर खूष. कारण ते चिडत नसत. "पुन्हा सांगा, वैनी. सावकाश सांगा," असं दोन-दोन, तीन-तीनदा म्हणत. एक बाई मला म्हणाली होती, "माझा नवरा एकदा विचारून ऐकत नाही, हा माणूस तीनदा विचारतो." संतच म्हणत त्यांना. मीही म्हणायची, जरा थट्टेने.

मग एकदा त्याच पुण्याच्या वहिनींना वैताग आला. "तुम्हीच ऐका," म्हणाल्या आणि त्यांनी फोन पंपापाशी नेऊन धरला. टेबलाच्या या बाजूला मला ती किंचाळी ऐकू आली, दातांच्या डॉक्टरचं यंत्र चालावं तशी. फोरमन म्हणाले, "हां. आता उलटा हात लावून बघा."

फोन संपल्यावर मी विचारलं, "फोरमन, तो आवाज ऐकलात?"

"कसला?"

"पंपाचा. सबंध खोलीत ऐकू आला."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बारीक आवाज न्हाय येत, ताई. बायकांचं बोलनंबी निम्मंच येतं. निम्मी जिंदगी पंपांच्या खोलीत काढली, त्यातच गेलं."

"मग माझं कसं येतं?"

"तुमचा आवाज म्हंजी पिंपावर हातोडा हानल्यावानी हाय."

मी वसईची. केळीच्या वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारत मोठी झाले. मला राग आला नाही. मी म्हटलं, कान तपासून घ्या, यंत्र मिळतं.

"यंत्र लावलं की दिसतं. कंपनीला दिसलं की फोन गेला. फोन गेल्यावर ऱ्हातो गुडघा. गुडघ्याला कोन ठेवून घेतंय हितं?"

मी स्टोअरमधून एक जुना फोन आणला आणि त्यांच्याच लाइनवर जोडून घेतला. बाई बोलणार, मी तिचं उत्तर मोठ्याने परत म्हणणार, फोरमन माझ्या तोंडाकडे बघून पुढचा प्रश्न विचारणार. "पाइप गरम!" मी ओरडायची. "पंप गार!" बाहेरच्या माळ्यालाही कुठल्या व्हिलात काय बिघडलंय ते कळत असे. दोन हिवाळे हे छान चाललं. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो.

त्या नोव्हेंबरात नवे मॅनेजर आले. आपलेच, मुंबईकडचे. वाईट माणूस नव्हे, पण नजर फिरवून खुर्च्या मोजणारा. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "एका फोनला दोन माणसं?"

मी म्हटलं, "प्रश्न त्यांचे असतात. मी फक्त उत्तर परत सांगते."

"का?"

"लाइन खराब आहे."

त्यांनी दुपारपर्यंत लाइन तपासून घेतली. लाइन ठणठणीत होती.

त्याच आठवड्यात एके दिवशी फोरमन कोपऱ्यावरून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, आणायला गेले. ही त्यांची रोजची सैर. गुडघ्याला तेवढंच चालणं. ते बाहेर असताना फोन वाजला. नवीन बाळंतीण, बाळाला अंघोळ घालायची आणि नळाला पाणी गार. थांबा, फोरमन येतील, असं कसं सांगायचं? मी विचारत गेले. जाणारा पाइप, येणारा पाइप, पंप. टायमरही बरोबर निघाला. मग मला थर्मोस्टॅट आठवला, म्हणून मी तिला परतीच्या पाइपावर बांधलेली त्याची डबी बघायला लावली. डबी सुटून हीटरच्या अंगाला टेकली होती, आणि पाणी पुरेसं गरम आहे असं समजून तिने पंप थांबवून ठेवला होता. "जागेवर दाबून धरा," म्हटलं. खटकन आवाज झाला, पंप चालू. बाई हसायला लागली.

मी फोन ठेवला तर मॅनेजर मागे उभे. मान हलवली आणि आत गेले.

फोरमन दोन कागदी कप सांभाळत आले. मी सगळं सांगितलं. "डबी सुटलेली कळली तुमाला?" त्यांना कोण आनंद! "बेस. बेस केलंत, ताई." अर्धा चहा होईपर्यंत ते हसत होते. मग त्यांनी मॅनेजरच्या बंद दाराकडे बघितलं आणि कप टेबलावर ठेवला.

महिन्याच्या शेवटी त्यांना सांगण्यात आलं की व्हिसा पुढे वाढवायचा नाही. फोन मी एकटी सांभाळीन. मुलीचं एक वर्ष बाकी होतं.

मी मॅनेजरकडे गेले. काय सांगणार? फोरमन कामाचे आहेत, त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी मध्ये बोलते, असं सांगितलं तर ते बहिरे म्हणून जाणार. नाही सांगितलं तर रिकामे बसतात म्हणून जाणार. मी कामाबद्दल जे काही चांगलं सांगता येईल ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यांनी तुम्हाला शिकवलं हे चांगलंच झालं ना? खलास." मला रस्ता सापडला नाही. आजही शोधते अधूनमधून, सापडत नाही.

फोरमनही तेच म्हणाले, जवळजवळ त्याच शब्दांत. "तुमी शिकलात ते बरं झालं. न्हायतर बायाबापड्या गार पान्यानं न्हाल्या असत्या." टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

जानेवारीत दुपारचं विमान होतं. नजमातल्या त्यांच्या खोलीखालून मी त्यांना माझ्या गाडीत घेतलं. सामानात दोरीने बांधलेला एक खोका आणि मुलीसाठी घेतलेलं घड्याळ, ते हातातच. विमानतळावर रांग मोठी होती, मला आत सोडणार नव्हते. मी हिशेब केला: आतली घोषणा बाईच्या आवाजात होणार, बारीक, आणि यांना त्यातलं अक्षर कळणार नाही. पुढे एक मुंबईला निघालेलं कुटुंब उभं होतं. मी त्यांना हाक मारून सांगितलं, "हे तुमच्याच विमानात आहेत. यांना ऐकू येत नाही. बोलावलं की जरा खांद्याला हात लावा."

माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. अर्धी रांग वळली. इतकी वर्षं जे कुणाला कळू दिलं नव्हतं ते मी एका दमात सगळ्या विमानतळाला कळवलं. आणि ते त्यांनी स्पष्ट ऐकलं.

"ताई," ते म्हणाले, "येवढं नव्हतं सांगायचं."

मग खोका उचलून गुडघा ओढत पुढे गेले. मागे बघितलं नाही. विमान चुकलं असतं तर कोण धावणार होतं? मी केलं ते बरोबरच होतं. पण परत येताना सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही, मागच्याने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचल्याबरोबर मी त्यांच्या गावी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. फोन त्यांनीच उचलला.

मी म्हटलं, "फोरमन, काल चारचौघांत तसं बोलायला नको होतं. मनाला लावून घेऊ नका."

"पोचलो, पोचलो," ते म्हणाले. "गाडी येळेवर मिळाली."

मी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने. बाहेरचा माळी खिडकीशी आला.

"थंडी लई हाय हितं. पोरगीबी आलीया सुट्टीला."

मी तिसऱ्यांदा म्हणणार होते. पण मला कळलं की टेबलापलीकडून पोचणारा माझा आवाज एवढ्या लांबच्या तारेतून पोचत नाही. समोर कोण आहे हेही त्यांना माहीत नसावं. नुकत्याच पोचलेल्या माणसाला लोक जे विचारतात, त्याची उत्तरं ते ओळीने देत होते.

म्हणून मी त्यात बसेल असं विचारलं. म्हटलं, "चहा झाला का?"

"झाला, झाला," ते म्हणाले. "आत्ताच झाला."