दाखल्यावरचा क्षत्रिय

आम्ही मूळचे रंगारी. कापड रंगवणं पणजोबांबरोबर संपलं, मग घरात सुई आली, पण जात विचारली की अण्णा, म्हणजे माझे वडील, छाती काढून सांगत, "क्षत्रिय." बंगळूरला आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या होत्या आणि तलवार कुणीच पाहिली नव्हती. मल्लेश्वरमच्या शाळेत मला घालतानाही त्यांनी हेडमास्तरांना तेच सांगितलं आणि दाखल्यावर तेच चढलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

साठ सालानंतर मी डॉक्टर व्हायचं ठरवलं. दुसरं काही मला सुचतच नव्हतं. तेव्हा सरकारनं मेडिकलच्या बऱ्याच जागा मागासलेल्या जातींसाठी राखल्या होत्या, आणि त्या यादीत रंगारी होते. कॉलेजातल्या कारकुनानं माझा दाखला पाहिला आणि म्हणाला, "क्षत्रिय यात नाहीत." उरलेल्या जागांपर्यंत माझे मार्क पोचत नव्हते. आई म्हणाली, "दाखला बदलून घ्या की हो." अण्णा म्हणाले, "आणि चार लोकांत काय सांगू? रंगारी?" मला त्यांचा असा संताप आला की कितीतरी दिवस मी त्यांचं ताट वाढलं नाही.

वर्षभर घरी बसले. कॉलेजात गेलेल्या मैत्रिणी सकाळी आमच्या दारावरून जात. आधी हाका मारत, मग नुसत्या हसत, पुढे तेही राहिलं. मी शर्टांना काजं करत बसायची. पुढच्या खोलीत अण्णांचं मशीन चालू, आणि आम्ही दोघं गप्प. याहून एकटं माणूस पडू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

जागा हुकलेले काहीजण दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेले. कोर्टानं यादीच मोडीत काढली: नुसत्या जातीवरून मागासलेपण ठरत नाही, आणि इतक्या जागा राखताही येत नाहीत. मग नवा हुकूम निघाला. आता जातीऐवजी बापाची कमाई आणि बापाचं काम विचारणार होते. मला वाटलं, सुटले एकदाची.

अर्ज द्यायला अण्णा माझ्याबरोबर आले. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "एन केलस?" काम काय करता? अण्णा नेहमी 'कापडाचा व्यवसाय' म्हणायचे. तसं म्हणाले असते तर व्यापारी ठरले असते आणि माझी जागा गेलीच होती. सांगा, अण्णा, सांगा, असं मी मनात घोकत होते. रांगेत आमच्या मागेच त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं, अंगात अण्णांनीच शिवलेला कोट. अण्णांनी एकदा मागे पाहिलं.

"बट्टे होलितीनि, स्वामी," ते म्हणाले. कपडे शिवतो. कारकुनाला ऐकू गेलं नाही. त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

जागा मिळाली. मी धावतच घरी आले. अण्णा मशीनवर होते. गिऱ्हाइकांशी कानडी, घरच्यांशी मराठीच, हा त्यांचा नियम होता; आमच्यातल्या कुणाच्या तोंडून चुकून कानडी शब्द आला तरी ते डोळे वटारत.

"अण्णा, मिळाली!"

त्यांनी पाय थांबवला नाही. माप घेऊन झाल्यावर गिऱ्हाइकाला 'ठीक आहे' म्हणून कानडीत म्हणत, तसंच ते मला म्हणाले, "सरी."