बंडखोर मुली आणि माझी पेन्सिल

माझ्या मुलीने आमचं ऐकायचं सोडलं, त्याचा दोष पहिले काही आठवडे मी एका पुस्तकाला दिला. कुणाला तरी द्यायलाच हवा होता. नवऱ्याला देऊन झाला होता.

ती तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षात. आम्ही द हेगमध्ये राहतो. इथल्या शाळेत इंग्रजी साहित्याची तोंडी परीक्षा असते. पुस्तकं विद्यार्थ्यानेच निवडायची, वाचायची आणि शिक्षिकेसमोर बसून त्यांच्याबद्दल बोलायचं. नेमलेला धडा नाही, गाईड नाही, संभाव्य प्रश्न नाहीत. हे ऐकूनच मला धडकी भरली होती. मुलीने निवडला एक जाडजूड कथासंग्रह, आजच्या अमेरिकन लेखकांचा. सगळ्या कथा वयात येणाऱ्या मुलामुलींच्या, आणि त्यातली बहुतेक मुलं घरच्यांना कुठल्या ना कुठल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणारी. आमच्या बाईसाहेब ते पुस्तक घेऊन जेवायला बसायच्या.

ऑक्टोबरात एकदा वरणभात कालवता कालवता तिने सांगून टाकलं की ती डेल्फ्टच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जाणार नाही. ती लाकडी बोटी बांधायला शिकणार. त्या शिक्षणाला इथे एमबीओ म्हणतात. आपल्याकडच्या आयटीआयच्या जवळपासचं म्हणता येईल.

“आयटीवाल्यांची पोरगी आयटीआयला!” नवरा म्हणाला आणि एकटाच हसला. मग तोही हसायचा थांबला.

बोटींचं वेड नवीन नव्हतं. दोन वर्षं ती दर शनिवारी डेल्फ्टच्या वाटेवरच्या कालव्याकाठी एका छोट्या बोट-कारखान्यात कामाला जात होती. शनिवारची नोकरी इथल्या सगळ्याच मुलांना असते. कुणी सुपरमार्केटमध्ये डबे रचतं, ही बोटी घासायची. आम्ही मित्रमंडळींत ते कौतुकाने सांगायचो. शनिवारपुरतं कौतुक होतं ते. सोमवार ते शुक्रवार तेच करायचं म्हटल्यावर ते संपलं.

“आई, मी परवानगी मागत नाहीये. आय ॲम टेलिंग यू,” ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं. बोलताना मात्र वाक्य मराठीत सुरू होतं आणि इंग्रजीत किंवा डचमध्ये संपतं.

त्यानंतरच्या रविवारी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तो दर रविवारी येतो, आमच्याकडे दुपारी बारा वाजता, त्यांची वामकुक्षी झाली की. बाबा सरकारी पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. नातीच्या डेल्फ्टच्या प्रवेशाबद्दल त्यांनी निम्म्या सोसायटीला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, फॉर्म भरला का? मी म्हटलं, “हो बाबा, चाललंय ते.” मुलगी शेजारीच बसली होती. तिने स्क्रीनकडे बघून हात हलवला, नमस्कार केला आणि उठून गेली.

कॉल संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तू रागाव, मी ऐकेन. पण मला लपवू नकोस. मी काय चोरी केलीये? पुढच्या महिन्यात मी अठरा होणार. आजोबांना तू सांगशील, नाहीतर मी सांगेन.”

मी शेहेचाळीस वर्षांची बाई. हाताखाली नऊ माणसं काम करतात. पण बाबांना हे सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मुलीला हो म्हणणं-न म्हणणं राहिलं बाजूला. खरी अडचण ही होती, आणि ती मलाही त्या दिवशीच कळली.

कळूनही मी पुस्तकाकडेच वळले. माझं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. जाता-येता ट्रेनमध्ये बराच वेळ असतो. मुलीचं वाचून झालं होतं, म्हणून मी तो संग्रह मागून घेतला. तिला सांगितलं, परीक्षेसाठी मदत करते. मनातलं निराळंच होतं. असल्या गोष्टी लिहून दुसऱ्यांच्या पोरी बिघडवणारी माणसं कोण, ते मला बघायचं होतं.

पहिल्याच कथेत एका खेड्यातली मुलगी होती. बाप चर्चमध्ये प्रवचन देणारा, आणि ती लहानपणापासून दर रविवारी तिथे गाणारी. एका रविवारी ती गाडीतून उतरतच नाही. एवढीच कथा. आत प्रार्थना चालू आहे, ती बाहेर गाडीत बसलेली. शेवटी बाप येतो, शेजारी बसतो, डब्यातलं सँडविच काढून अर्धं तिला देतो. दोघं खातात. ती उतरत नाही. संपली कथा! मी पान उलटून बघितलं, मागची पानं गळाली आहेत की काय म्हणून.

माझ्या लहानपणी मासिकांत वाचलेल्या कथांत न ऐकणाऱ्या मुलीचं शेवटच्या पानावर काहीतरी व्हायचंच. एक तर ती रडत परत यायची, नाहीतर तिला ताप यायचा. इथे लेखिकेने त्या मुलीला ना शिक्षा केली ना शाबासकी दिली. भाषण तर नाहीच. लेखिका नुसती तिच्या बाजूने उभी राहिली. आणि बापाला तिने खलनायक केलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटलं. तो बिचारा दमलेला आहे, त्याला मुलीचं काही कळत नाही, पण त्याने सँडविचचे दोन तुकडे केले. इतकं कमी लिहून इतकं कसं सांगता येतं!

दुसऱ्या एका कथेतली मुलगी दुकानात कामाला असते. मोठ्या कॉलेजचं पत्र येतं, आणि ती जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करून सांगते की मी जाणार नाही. आई एवढंच विचारते, आज डबा नेलास का? हे वाचताना स्लोटरडाइक कधी मागे गेलं ते समजलं नाही. मी थेट आम्स्टरडॅम सेंट्रलला जाऊन पोचले आणि सकाळची मीटिंग बुडाली. त्या अमेरिकन पोरींनी मला बिघडवायला सुरुवात केली होती.

आता माझी चूक सांगते. आमच्या पिढीला पेन्सिलीशिवाय वाचताच येत नाही. दहावी-बारावीत अंगात मुरलेली सवय. महत्त्वाचं वाक्य दिसलं की खाली रेघ आणि समासात ‘इम्प.’, फारच महत्त्वाचं असलं तर ‘व्ही. इम्प.’ आणि दोन चांदण्या. मुलीची परीक्षा जवळ आलेली, म्हणून मी अख्खा संग्रह तसा रंगवून काढला. गोष्टींच्या पुस्तकाचं गाईड करून ठेवलं आणि मोठ्या अभिमानाने तिच्या टेबलावर ठेवून दिलं.

दहा मिनिटांत ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली. “आई, हे काय आहे? ही स्टोरी आहे, टेक्स्टबुक नाही! माझं पुस्तक आहे हे!”

“तुझ्याच परीक्षेसाठी केलं. शिक्षिका काय विचारतील—”

“ती विचारते मला काय वाटलं. तुला काय वाटलं ते नाही विचारणार!” तिचा आवाज चढला, मग माझा चढला. मी पोळ्या लाटत होते. लाटणं किती जोरात आपटलं ते सांगण्यासारखं नाही.

मग ती एकेक पान उलटायला लागली. टेबलाशी बसली. मला वाटलं, पटलं वाटतं. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, इथे बघ. भाषा कशी आहे, सिंबल काय आहे, असलं तू काहीच मार्क केलं नाहीस. जिथे जिथे मुलगी वडिलांना काहीतरी सांगते, फक्त तिथेच व्ही. इम्प. आहे. प्रत्येक कथेत.”

मी तव्याखालचा गॅस बंद केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. एवढ्या चांदण्या तर मी समासात काढूनच ठेवल्या होत्या.

“तू काय सांगणार होतीस आजोबांना?” तिने विचारलं. आवाज आता भांडणाचा नव्हता.

आणि मी तिला जे नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दहावीनंतर मला आर्ट्सला जायचं होतं, भाषा शिकायच्या होत्या. बाबांनी सायन्सचा फॉर्म आणला, त्यांच्या सुंदर अक्षरात भरला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली.

“आणि तू नाही म्हणालीस?”

“नाही.”

“भांडण तरी झालं?”

“भांडण कसलं, मी बोललेच नाही काही.”

तिला ते समजेना. तिने तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे तेच विचारलं. बाबा मारायचे का? नाही. ओरडायचे? तेही नाही. “मग का नाही बोललीस?” माझी मुलगी माझ्याकडे दयेने बघत होती आणि मला तिचा हेवा वाटत होता, अगदी उघडउघड हेवा. पोळ्या गार झाल्या त्या झाल्याच.

“शनिवारी ये,” ती उठताना म्हणाली. “मी काय करते ते तू कधी बघितलंच नाहीस.”

खरंच बघितलं नव्हतं. दोन वर्षांत मी फक्त तिचे धुळीने भरलेले कपडे बघितले होते आणि त्यावरून बोलले होते. त्या शनिवारी मी ट्रामने गेले. पत्र्याची एक लांब शेड, आत लाकडाचा आणि जवसाच्या तेलाचा वास, आणि मधोमध ठोकळ्यांवर चढवलेली एक जुनी बोट, तिची एक बाजू उघडी. मालक सत्तरीचा डच माणूस. त्याने मला कॉफी दिली आणि परत मान वर करून बघितलं नाही.

ते दोघं एक फळी बसवत होते. ओकची जाड फळी आधी वाफेत शिजवतात, बाहेर काढली की ती जेमतेम मिनिटभर वाकते, तेवढ्यात बोटीच्या वळणाला धरून शिकंज्यांनी आवळायची. चुकली तर फळी फुकट. त्यांनी ती पळवत आणली. म्हातारा शिकंजा फिरवायला लागला, तेवढ्यात माझी मुलगी लाकडावर पंजा ठेवून म्हणाली, “नाही, अजून नाही.” डचमध्ये, शांतपणे. तो थांबला. जन्मभर बोटी बांधलेला माणूस, एका सतरा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर हात वर धरून थांबला. मग ती म्हणाली, “आता.” फळी बसली. कुणीही कुणाचं कौतुक केलं नाही, दोघंही पुढच्या शिकंज्याकडे वळले.

घरी हीच मुलगी ताट उचलायला तीनदा सांगावं लागणारी. मला तिचा इतका अभिमान वाटला की कॉफीचा कप हातात धरून मी रडले. तिने बघितलं आणि ओशाळून खूण केली, आई, इथे नको ना! मी बाहेर जाऊन नाक पुसून आले. जिला बंड समजून मी इतके आठवडे घाबरले होते, ती आपलं काम चोख येणारी, स्वतःच्या शब्दाची किंमत ओळखणारी एक मुलगी होती. कथांतल्या त्या पोरी मला आवडल्या होत्या, कारण त्या दुसऱ्यांच्या होत्या. ही माझी होती, आणि त्यांच्याहून सरस होती.

रात्री नवऱ्याशी बोलले, तोही हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांच्या कॉलची वाट न बघता मीच बाराला पाच कमी असताना फोन लावला. मुलीला खोलीत बसायला सांगितलं होतं. ती दारात उभी राहिली. नवरा भांडी घासायला गेला. भांडी आधीच घासलेली होती.

“बाबा, एक सांगायचंय. ती डेल्फ्टला जाणार नाहीये. मी मागे खोटं बोलले. ती लाकडी बोटी बांधायला शिकणार आहे. तीन वर्षांचा कोर्स आहे. आम्ही हो म्हटलंय.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हवा कशी आहे ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, “विचार कर म्हणावं तिला.”

आमच्या घरात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. भावाच्या लग्नाच्या वेळी होता, आईच्या नोकरीच्या वेळी होता. हे वाक्य आलं की आम्ही गप्प बसायचो आणि विषय मिटायचा.

“तिने केलाय विचार,” मी म्हटलं. “आणि बाबा, मी तुम्हाला विचारायला फोन केला नाही. सांगायला केलाय.”

बाबा स्क्रीनच्या जवळ सरकले.

“हे तू बोलतेयस की ती?”

“मी बोलतेय.”

“पहिल्यांदाच ऐकतोय,” बाबा म्हणाले.

माझा सगळा जन्म त्यांचा आवाज ओळखण्यात गेला. एका ‘बरं’वरून मी सांगू शकायचे, जेवताना बोलायचं की नाही. या वेळी त्यात राग होता, दुखावलेपण होतं की आणखी काही, ते मला समजलं नाही. आणि समजून घ्यायची मला घाईही नव्हती. मी फोन मुलीकडे दिला आणि तिला म्हटलं, तुझं तू बोल.