बोंबील, सुरमई आणि आमची आज्जी

आमची आज्जी सतरा वर्षांची होती. खरं नाव दर्शना, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. मैदानावर ती सगळ्यांची आज्जी, कारण उठताना ती गुडघ्यांवर हात ठेवून "देवा रे" म्हणायची आणि दुसऱ्या कुणी स्वेटर घातला नसेल तर थंडी हिला वाजायची. बेसबॉलमध्ये ती कॅचर. बॅटरच्या पाठीमागे उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेला बॉल पकडायचा, हे तिचं काम. तिची पिचर म्हणजे मी.

उकिडवं बसून बाकीच्या मुलींच्या पायांना मुंग्या यायच्या. आज्जी तशी बसली की आता विळी पुढे ओढून मासे कापायला घेईल असंच वाटायचं. सरांनी एकदा कौतुकानं विचारलं, "इतका वेळ कशी गं बसतेस?" तर म्हणाली, "सर, आमच्या लालबागच्या खोलीत माणसं जास्त, जागा कमी. पाय पसरून बसायचे लाड आमचे कुणी केलेच नाय." सरांनी नुसतीच शिट्टी वाजवली.

शिवाजी पार्कात क्रिकेटच्या नेट्सना नको असलेला एक कोपरा आमच्या वाट्याला आला होता. सकाळी फिरायला येणारे आजोबा तिथे थबकायचे. "काय गं पोरींनो, विटीदांडू का?" आज्जी कॅचरच्या जाळीदार मुखवट्याआडून अगदी गंभीरपणे सांगायची, "हो आजोबा, फक्त विटी हरवली म्हणून बॉल घेतलाय." आजोबांचं समाधान व्हायचं आणि ते पुढे चालू लागायचे.

मला लांबचं धड दिसायचं नाही. चष्मा घामानं घसरायचा म्हणून खेळताना मी तो काढून ठेवायची. मग सगळं मैदान दुधात पाणी ओतल्यासारखं पुसट होऊन जायचं. झाडं, माणसं, समोरची बॅटर, सगळं वितळलेलं. त्या धुरकट उजेडात एकच गोष्ट जागेवर असायची, आज्जीचा तपकिरी ग्लोव्ह. आजही डोळा लागता लागता मला ते मैदान दिसतं ते तसंच, कडा नसलेलं, आणि मधोमध तो ग्लोव्ह माझी वाट बघत असलेला. फार बरं वाटतं तेव्हा.

आता पंचाईत अशी, की कुठला बॉल टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणांनी सांगते, आणि मला तर बोटंच दिसत नव्हती. आज्जी म्हणाली, "दिसत नाय ना? मग ऐक." आणि तिनं माशांची नावं ठरवली. सरळ, जोरात येणारा बॉल म्हणजे सुरमई. हळू टाकून बॅटरला फसवायचं ती मांदेली. आणि ऐनवेळी वळणारा, हातात धरवत नाही असा बॉल म्हणजे बोंबील. "बोंबील टाक गो!" असं ती ओरडली की शेजारच्या नेटमधले क्रिकेटवाले बॅट टेकून हसायला लागायचे. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. मी पापलेट आणि सुरमई यांतला फरक आयुष्यात पहिल्यांदा शिकले तो बेसबॉलमुळे.

दुसरी तिची खोड म्हणजे विचारपूस. समोरच्या संघातली बॅटर दात-ओठ खाऊन उभी राहिली, की मागून हळूच आवाज यायचा, "जेवलंस मा?" ती बिचारी "हं?" करून मान वळवायची आणि तेवढ्यात माझी सुरमई ग्लोव्हमध्ये जाऊन बसायची. पंचांनी दरडावलं, "कॅचर, गप्पा बंद!" तर ही म्हणते, "सर, परमुलखात आलीय पोरगी. साधं जेवणाचं पण विचारू नको?" पंच तोंड फिरवून हसले, हे मला चष्म्याशिवायसुद्धा दिसलं.

ज्या स्पर्धेबद्दल मला सांगायचंय ती जळगावला होती, डिसेंबरात. एका शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून आम्ही राहिलो होतो. याच स्पर्धेतून राज्याच्या संघाची निवड व्हायची होती आणि निवड समिती मैदानाकडेच्या मांडवात बसून होती. आज्जीसाठी हे शेवटचं वर्ष. तिच्या बाबांनी साफ सांगून टाकलं होतं, यंदा निवड झाली तर खेळ, नाहीतर बारावी झाल्यावर नोकरी बघायची. हे तिनं मला वाटाणे सोलता सोलता सांगावं इतक्या सहज सांगितलं होतं. पण रोज सकाळी तोंड धुतल्यावर ती त्या रिकाम्या मांडवाकडे बघून हात जोडायची, ते मी पाहिलं होतं.

उपांत्य फेरीपर्यंत आमच्या माशांचं बिंग फुटलं. यजमान संघाच्या मुली बाकावर बसून "आता बोंबील येतोय गं!" असं आपल्या बॅटरला आधीच सांगू लागल्या. आणि फायनल त्यांच्याशीच! आम्ही सगळ्या हवालदिल. आज्जी मात्र शांत. म्हणाली, "उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. उद्या मी माशाचं नाव तोंडातून काढणार नाय. आई घरी घट मांडून बसलेली असेल, आणि मी इथे बोंबील बोंबील ओरडू? उद्या भाज्या." सुरमईची मिरची झाली, मांदेलीचा दुधी, आणि बोंबलाचं पडवळ. सरांनी कपाळावर हात मारला. मी नाश्त्याचे पोहे खाताना पाठांतर करत होते, मिरची, दुधी, पडवळ.

पण काय सांगू, तो गुरुवार आम्हाला पावला. समोरचा बाक कान देऊन माशांची वाट बघत राहिला आणि आम्ही त्यांना भाजीबाजार फिरवून आणला. एकदाच, अगदी आणीबाणीच्या क्षणी, आज्जीच्या तोंडून "बों..." निघालं. तिनं तिथेच मुखवटा वर करून स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या आणि "पडवळ!" म्हणून किंचाळली. ती बॅटर गोंधळून बादच झाली. आम्ही पुढे होतो. हिवाळ्याचं ऊन, पिवळट धूळ, सगळं संथ आणि लांबचं वाटत होतं, आणि मला वाटलं, हा खेळ असाच संध्याकाळपर्यंत चालू राहावा.

मग माझं कोपर दुखू लागलं. आधी नुसती कळ, मग आत कुणी सुई फिरवावी तसं. मी कुणाला काही बोलले नाही. पण आज्जीनं पडवळ मागितलं आणि बॉल सरळच गेला. ती उठून माझ्यापाशी आली. "दुखता काय गो?"

"नाही."

ती परत गेली. पुढचा बॉल पकडल्यावर क्षणभर ग्लोव्हकडे बघत राहिली. पुन्हा आली. "खरं सांग."

"नाही म्हटलं ना! जा, बस जाऊन. जिंकतोय आपण."

आमच्याकडे दुसरी पिचर होती तन्वी. हाताला जोर भरपूर, पण बॉल कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आज्जीच म्हणायची, "तन्वीचा बॉल पकडायचा म्हणजे सुटलेली कोंबडी पकडायची." तन्वी आली तर बॉल कॅचरच्या मागे जाणार, धावा जाणार, आणि मांडवातल्या मंडळींना कॅचरच कच्ची दिसणार. हे आज्जीइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर उभी होती. तिनं एकदा मांडवाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून बॉल काढून घेतला आणि सरळ सरांकडे चालत गेली. "सर, हिला बदला. हात गेलाय हिचा."

मी रडले, ओरडले, तिला वाट्टेल ते बोलले. तन्वी आली. पुढचं सगळं मी बाकावर बसून, चष्मा चढवून, कोपराला बर्फ लावून पाहिलं. आज्जी धुळीत लोळत होती, छातीवर बॉल झेलत होती, मागे धावत होती, पुन्हा येऊन बसत होती. एकदाही तन्वीवर डाफरली नाही. "असू दे गो, परत टाक," एवढंच. आम्ही हरलो. संध्याकाळी राज्याच्या संघाची नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं. ती रडली नाही. गाद्यांच्या घड्या घालू लागली.

मुंबईला आल्यावर डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलीस म्हणून हात वाचला. मी तशीच लालबागला गेले. काय बोलायचं ते जिन्यात घोकून गेले होते, पण तिनं दार उघडलं आणि मी नुसतीच तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "हळू, हात दुखंल."

पुढच्या वर्षी माझी राज्याच्या संघात निवड झाली. आज्जी तेव्हा लोअर परळला एका ऑफिसात लागली होती. दादरहून आमची बस सुटायची होती, तिथे ती अर्धी सुट्टी टाकून आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. मला म्हणाली, "तुझी कॅचर कोण? दाखव." सांगलीकडची एक अबोल मुलगी होती. आज्जीनं तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. सासरी पाठवणी करताना आई जशी विहिणीशी बोलते, तशी ती बोलत होती.

"हे बघ, हिला लांबचं दिसत नाय, तू बोलत राहा. जोरात टाकायच्या आधी ही ओठ चावते, ते बॅटरला कळू देऊ नको. आणि मधूनमधून विचार, दुखतंय का. ही नाही म्हणेल. तू ऐकायचं नाय. कळलं? समोर कोण बसलंय, कोण बघतंय, काय बघायचं नाय. सरळ सरांकडे जायचं."

त्या मुलीनं मान डोलावली.

"नुसती मान नको. घे शप्पथ."

आणि त्या अनोळखी पोरीनं खरंच गळ्याला चिमूट लावून माझ्या हाताची शप्पथ घेतली. मग आज्जी बाजूला झाली, बसच्या पत्र्याला टेकली आणि रडली. वर्षभराचं सगळं रडली.