फणसाचे ठोकळे आणि मुंबईचा जॅक

भाट्याच्या खाडीत मे महिन्याच्या मध्यापासून होड्या वर ओढायला सुरुवात होई. खाली लाकडाचे टेकू, वर माडाच्या झापांचं छप्पर, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. आमच्या अंगणातल्या खोपीत मोटर आली तेव्हापासून मीही तिच्या बाबतीत तेच करू लागलो. पावसाळ्यासाठी आगबोट बंद झाली की मुंबईचे पेट्रोलचे डबेही बंद होत. मोटर तीन महिने चाकांवर उभी राहिली तर रबर एका जागी बसतं आणि चिरतं. म्हणून ती उचलायची, ठोकळ्यांवर टेकवायची, आणि खाली उताणं झोपून पोटाचा गंज खरवडून तेल द्यायचं. या कामाला मला दोन पुरे दिवस लागत.

मोटर जुनीच होती. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, कापडी टपाची. तिच्या पुस्तकात वजन लिहिलं होतं चोवीसशे पौंड. मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. आमच्या कामात एक शिस्त असते: दुसऱ्याने घेतलेलं माप स्वतः साखळी धरल्याशिवाय कागदावर उतरवायचं नाही. साखळीसुद्धा ठरल्या वेळी कचेरीतल्या पक्क्या मापाशी ताडून पाहायची. ही शिस्त मी घरीही पाळत असे आणि घरचे त्याला हसत.

पहिली दोन वर्षं सहा गडी आणि माडाचा एक लांब ओंडा घेऊन आम्ही मोटर उचलली. दुसऱ्या वर्षी ओंडा सटकला. एका गड्याचं पाऊल दोन बोटांच्या अंतराने वाचलं. त्या दिवशी बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही तिच्याखाली जाणार असाल तर उचलायचं काहीतरी धड आणा. नाहीतर चढू दे मेलीला गंज." मी तिला शब्द दिला की स्वतः पारखल्याशिवाय कशाच्याही खाली जाणार नाही.

मग मी पर्याय पाहायला लागलो. मोटरीबरोबर आलेला छोटा जॅक एकच चाक उचलायचा आणि त्याचे दाते झिजले होते. साखळीची कप्पी खोपीच्या तुळईला टांगावी असं एकाने सुचवलं. मी तुळईला वाळूची पोती टांगून पाहिली. आठव्या पोत्याला ती अर्धा इंच वाकली. आठ पोत्यांचं वजन मोटरीच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं, म्हणून कप्पी बाद. राहिला मळसूत्राचा मोठा जॅक. जमिनीवर बसणारा, रुंद बुडाचा, मोटरीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार घेईल असा.

जॅक झाला तरी टेकवायचं कशावर, हा प्रश्न होताच. आवारात जांभ्याचे चिरे रचलेले होते आणि मी तेच वापरणार होतो. पण होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार आमच्याकडे येत असे. तो चिऱ्यावर टिचकी मारून म्हणाला, "भाऊ, ह्याचा भरवसा न्हाय. सरळ भार घेईल, पण कडेवर भार इला की फुटतो, आन् फुटायच्या आधी सांगत न्हाय. लाकूड आधी कुरकुरतं, मान्साला सरकायला वेळ देतं." त्याने फणसाच्या जुन्या खोडाचे चार ठोकळे तासून दिले, आणि उंची जुळवायला फळ्या आणि पाचरी.

जॅकसाठी मी माझ्या मित्राला लिहिलं. आम्ही एका बाकावर शिकलो होतो. गणिताच्या तासाला तो माझी पाटी बघायचा आणि मी बघू द्यायचो. तो मुंबईत मोटरीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात होता. मी तीन प्रश्न विचारले: भार किती, वापरलेला आहे की नवा, आणि मळसूत्र कुणी तपासलं. उत्तर आठ दिवसांत आलं. दोन टन. नवा कोरा. मी स्वतः तपासला आहे. खाली एक ओळ जादा होती: "वरचं ग्रीस पुसू नकोस, तुमच्याकडची खारी हवा लोखंडाला बाधेल."

ती ओळ मी बायकोला वाचून दाखवली. म्हटलं, "बघ, किती बारीक विचार करतो."

जॅक आगबोटीने आला, खोक्यात, गवतात गुंडाळलेला. मी त्याची उंची मोजली, बुडाची रुंदी मोजली, रिकामा फिरवून किती चढतो ते मोजलं. भार ठेवून एक दिवस पाहायचा असं आधी ठरवलं होतं. ते केलं नाही. ग्रीसही पुसलं नाही. त्याने तपासलं होतं, तसं लिहूनही दिलं होतं.

मे महिन्यात मित्र आंब्यांसाठी गावी आला आणि दोन दिवस आमच्याकडे उतरला. मला आनंद झाला. त्याच्याच जॅकने त्याच्यासमोर मोटर उचलायची म्हणून मी म्हाताऱ्या सुताराला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

"उद्याच कशाला?" मित्र म्हणाला. "मी गेल्यावर कर. आज आपण बंदरावर जाऊ."

"अरे, तुझा जॅक. तू नको बघायला?"

"त्यात बघायचंय काय? जॅक तो जॅक."

सकाळी मागची बाजू आधी उचलली. जॅक छान चढला. दोन्ही ठोकळे मागे बसले. मग पुढचा अ‍ॅक्सल. दांडा सुतार फिरवत होता. मोटर जशी वर जाई तशी तो दांडा सोडून ठोकळ्यावर एकेक फळी चढवत होता. अ‍ॅक्सल आणि फळी यांत बोटापेक्षा जास्त फट तो राहू देत नव्हता. त्यामुळे वेळ लागत होता. मित्र पायरीवर बसून पान लावत होता.

"अहो मामा, ही मोटर आहे, तुमचं गलबत नव्हे! एकदम चढवा आणि मग ठोकळे सारा."

"गलबतात मानूस वर बसतो वो," सुतार म्हणाला. "हितं खाली निजणार हाय."

बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भावोजी, तुम्हीच जा ना जरा खाली. तुम्ही या धंद्यातले. यांना नुसती मापं कळतात."

"छे, वहिनी, धुतलेलं धोतर आहे. आणि मापाचंच काम आहे ते. जाऊ दे त्यालाच."

उंची झाली. ठोकळे अ‍ॅक्सलच्या खाली नेमके मध्यावर आले आहेत की नाहीत ते बघून मग जॅक उतरवायचा होता. मी उताणा आत सरकलो. डावा बरोबर होता. उजव्याकडे मान वळवली तेवढ्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि मोटर खाली आली.

बोटभरच खाली आली. फणसाच्या ठोकळ्यांवर बसली आणि थांबली. माझ्या तोंडावर गंजाचा चुरा पडला. सुताराने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. बायकोच्या हातातलं तबक खाली पडलं होतं.

मी उठून बसलो आणि पायरीकडे पाहिलं. पायरीवर पानाचा डबा उघडा होता. मित्र अंगणाच्या पार टोकाला, फाटकापाशी उभा होता.

सुतार माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, आवाज व्हायच्या आधीच गेले व्हते ते. तुम्ही आत सरकलात तवाच."

जॅक बाहेर काढला. मळसूत्र डोक्यापासून चार इंचांवर तुटलं होतं. मी चिंधीने ग्रीस पुसलं आणि त्याखालचा काळा रंग चाकूने खरवडला. तुटल्या कडेला सगळीकडे पितळेची पिवळी रेघ होती. तिथे ते आधी एकदा तुटलं होतं आणि डाग देऊन जोडलं होतं.

तो जवळ आला. मी जॅक त्याच्या पुढे धरला. तो धोतराचा सोगा चाळवू लागला.

"माझ्या हातून पडला होता," तो म्हणाला. "गोदामात, जिन्यावरून. मालकाला कळलं असतं तर मला काढलं असतं. डाग चांगला दिला होता रे. कारागीर म्हणाला, टिकेल."

"मग मलाच का पाठवलास? तिथे गिऱ्हाइकं कमी होती?"

"दुसऱ्या कुणी पुसून बघितला असता." तो खाली बघत होता. "तू माझ्या शब्दावर घेशील, हे ठाऊक होतं."

माझा राग तोवर पोटात होता, तो त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. डागाचं मी समजू शकत होतो. नोकरी जायची भीती मलाही ठाऊक आहे. पण तो आदल्या रात्री माझ्या पंक्तीला बसून जेवला होता, आणि सकाळी मी खाली झोपत असताना फाटकापर्यंत चालत गेला होता. एक हाक मारायला किती वेळ लागतो?

तो त्याच दुपारी निघाला. बायकोने आंब्याची करंडी बांधून ठेवली होती, ती तिने दिली. "आढीतले आहेत," एवढंच म्हणाली. मी फाटकापर्यंत गेलो नाही.

त्याच्या मालकाला लिहा, असं मला दोघातिघांनी सुचवलं. मी लिहिलं नाही. यात मनाचा मोठेपणा नव्हता. लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं की वाळूची पोती टांगून तुळई तपासणाऱ्या माणसाने ज्याच्याखाली निजायचं तो जॅक तपासला नाही. बायकोला दिलेला शब्दही मीच मोडला होता. तो विषय तिने कधी काढला नाही.

त्या पावसाळ्यात मोटर गंजत राहिली. मी खाली गेलो नाही. नारळी पौर्णिमेनंतर सुताराने गडी आणून, पाचरी ठोकून, एकेक फळी काढत ती उतरवली. चारही ठोकळ्यांच्या वरच्या फळ्या मी उजेडात नेऊन पाहिल्या. मागच्या दोन्हींवर अ‍ॅक्सलचा नुसता काळा पट्टा होता. पुढच्या उजव्या फळीत खाच पडली होती. पट्टी लावली: पाव इंच.

गणपतीनंतर त्याचं पत्र आलं. रागावला आहेस का, असं विचारलं होतं, आणि वहिनींना नमस्कार. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: "पुढची उजवी फळी, खाच पाव इंच. मी स्वतः मोजली आहे." सही केली आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं.

त्यावर त्याचं उत्तर आलं नाही.