अर्धा स्वर खाली

ॲथॉल गेडिस हा मोठा गिटारवादक आहे, हे मला तो पंच्याहत्तर वर्षांचा झाल्यावर, तेही इंग्लंडमधल्या एका परक्या माणसाकडून कळलं, याचा राग मला अजून आहे. न्यूझीलंडमधल्या या टिमरू गावात मी चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. त्यातली तीस वर्षं हा माणूस दर महिन्याला माझ्यासमोर उभा राहून रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेला. त्याच्या गुडघ्यापासून त्याच्या बायकोच्या दम्यापर्यंत मला सगळं ठाऊक. गिटारबद्दल मात्र तोंडातून चकार शब्द नाही.

"कधी बोलला का नाहीस रे?" मी त्याला फैलावर घेतलं.

"तू विचारलंस कुठं?"

इथली माणसं अशीच. स्वतःबद्दल दोन बरे शब्द बोलणं यांना चारचौघांत नाक शिंकरल्यासारखं वाटतं. कुणी जीव ओतून काही केलं तर म्हणतील, 'वाईट नाही.' त्यापुढे यांच्याकडे कौतुक नाही.

तर चौऱ्याहत्तर साली या गावात चार जणांचा बँड होता. ॲथॉल गिटारवर, त्याची बायको नोलीन गायला आणि पियानोला, आणखी एक जण बेसवर आणि कॅलम नावाचा ड्रमवाला. बँडचं नाव 'मिसेस पॅटर्सन्स टेलिस्कोप'. ही मिसेस पॅटर्सन कोण, तर नोलीनची घरमालकीण. तिच्याकडे दुर्बीण नव्हती. तेव्हाची आर्ट रॉकवाली मंडळी असलीच नावं ठेवायची. एकेक गाणं नऊ मिनिटांचं, मध्येच ताल बदलणार, मध्येच सगळे गप्प. बोलिंग क्लबात यांना नाचाच्या कार्यक्रमाला बोलावलं, तर नाचायला आलेली माणसं खुर्च्यांवर बसून राहिली. चर्चच्या हॉलमध्ये दोन शनिवार बसून त्यांनी एक रेकॉर्ड केली. तीनशे प्रती काढल्या, निम्म्या खपल्या. दोन वर्षांत बँड मोडला. ॲथॉल मटणाच्या कारखान्यात लागला आणि छत्तीस वर्षं थंडगार हॉलमध्ये सुरी चालवत राहिला. नोलीन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. एकवीस वर्षांपूर्वी दम्यानं वारली.

त्यातली एक प्रत ब्रिस्टलच्या टोबी हारग्रीव्ह नावाच्या तरुणाला जुन्या बाजारात मिळाली. त्यानं तिच्यातले नुसत्या गिटारचे दोन तुकडे इंटरनेटवर काय चढवले, जर्मनीपासून जपानपर्यंत लोक वेडे झाले. सत्तरच्या दशकानं हरवलेला गिटारवादक हाच, असं कुणी कुणी लिहू लागलं. टोबीनं कॅलमला शोधलं, त्याच्या गॅरेजमधून मूळ टेप मिळवली, आणि नवी रेकॉर्ड काढायची परवानगी मागणारं पत्र ॲथॉलला धाडलं. ॲथॉल ते घेऊन माझ्याकडे आला. मी दुकान विकून घरी बसलेली, त्यामुळे गावाची कागदपत्रं माझ्याच गळ्यात.

"फसवाफसवी आहे का बघ, विजया."

"फसवायला तुझ्याकडे आहे काय? काय लिहू त्याला?"

"हो म्हण. एक प्रत मला पाठव म्हणावं. बाकी काही नको."

"एकच? तुझी स्वतःची कुठं गेली?"

शेवटची प्रत नोलीननं बोलिंग क्लबाच्या सोडतीला देऊन टाकली होती. पहिलं बक्षीस बकऱ्याची तंगडी, दुसरं फळांचा केक, तिसरं ही रेकॉर्ड. जिंकणाऱ्यानं केकशी बदलून मिळेल का, असं विचारलं म्हणे. हे सांगताना ॲथॉल खूप हसला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "तिचा चेहरा आठवतो गं, फोटो आहेत. आवाज हल्ली नीट येत नाही. आणि या रेकॉर्डशिवाय तो कुठंच नाही."

तेव्हा मला कळलं की या सगळ्या गाजावाजात त्याला हवं आहे ते एवढंच.

पार्सल आलं त्या रविवारी दुपारी तो चीज रोलची थाळी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे आला. त्याच्याकडे रेकॉर्ड वाजवायला यंत्र नव्हतं. माझा मुलगा वेलिंग्टनला जाताना त्याचं पार्ट्यांमध्ये गाणी लावायचं यंत्र माझ्या पाहुण्यांच्या खोलीत टाकून गेला आहे.

मी सुई ठेवली. गिटार सुरू झाली आणि मी चहा ओतायची थांबले. कसब दाखवायला वाजवणं नव्हतंच ते. समोरचं माणूस बोलत असताना आपण हुंकार देतो ना, तशी ती गिटार होती. मग गाणं सुरू झालं, आणि ॲथॉल उठून उभा राहिला.

"ही ती नव्हे."

"अरे, पंचविशीतला आवाज आहे तिचा."

"नव्हे. ही घाईत आहे. नोलीनला घाई ठाऊक नव्हती. हिला श्वास पुरतोय, बघ."

"एकवीस वर्षं झाली, ॲथॉल. माणूस विसरतो."

हे मी का बोलले कोण जाणे. जीभ जळो माझी. त्यानं टोपी घातली, थाळी तशीच ठेवली आणि गेला.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी मी टोबीला लिहिलं. त्याचं उत्तर लगेच, आणि मोठ्या अभिमानानं. जुनी टेप हळू फिरली होती, सगळी वाद्यं बरोबर अर्धा स्वर खाली लागत होती. आम्ही वेग वाढवून ते तंतोतंत दुरुस्त केलं, काळजी नसावी. मी तसंच पत्र घेऊन ॲथॉलचं घर गाठलं आणि वाचून दाखवलं. तो कुंपणाला रंग देत होता. ब्रश हातात तसाच.

"टेप नाही गं," तो म्हणाला. "पियानो!"

हॉलमधला पियानो तेव्हाच सत्तर वर्षांचा. तारा पुऱ्या ताणल्या तर तटातट तुटतील, म्हणून पियानो लावणारा म्हातारा सगळाच अर्धा स्वर उतरवून ठेवायचा. पियानो हलवता येत नव्हता, मग यांनी गिटार त्याच्या पट्टीला लावल्या. आपल्याकडे गवयाच्या गळ्यासाठी पट्टी उतरवतात. यांनी पियानोच्या म्हातारपणासाठी उतरवली, आणि नोलीनला त्या खालच्या पट्टीतच आपला आवाज सापडला.

"मी आत्ता त्याला लिहिते. पुन्हा काढ म्हणावं."

"नको गं. पोरानं मेहनत घेतलीये. वाईट वाटेल त्याला."

"तुझ्या बायकोला चिमणी करून ठेवलंय त्यानं, आणि वाईट त्याला वाटणार होय! चल, गाडीत बस."

माझ्या मुलाच्या यंत्राला वेग कमीजास्त करायची एक सरकती कळ आहे. आजवर मी तिच्यावरची धूळ तेवढी पुसत आले. रेकॉर्ड लावली आणि कळ हळूहळू ओढू लागले. ॲथॉल डोळे मिटून बसला होता, बोटांना कुंपणाचा हिरवा रंग.

"अजून. अजून थोडं. जास्त झालं, मागं घे. हां."

आवाज भरला, सावकाश झाला, कडेला जरा घोगरा. 'विजया, पंप संपला गं माझा,' म्हणत दुकानात शिरणारी नोलीन मला साक्षात ऐकू आली, आणि मला रडूच कोसळलं. ॲथॉल रडला नाही. तो पुढे सरकून बसला.

"आता ऐक. इथं ती चुकते."

दुसरं कडवं सुरू व्हायला हवं होतं. गिटारनं तिला वाट करून दिली, पण गाणं आलं नाही.

"शब्द विसरली होती. माझ्याकडे बघितलं तिनं. मी परत तेच वाजवलं."

गिटार पुन्हा तीच ओळ वाजवू लागली. मग तिसऱ्यांदा. त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती.

"येईल," तो म्हणाला. "येते ती."

गिटारनं चौथ्यांदा तीच ओळ घेतली, आणि नोलीन आली.