न उघडलेली फाईल

लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर हिरवा चिवडा, खाताना हिरव्या मिरचीचा वास आला, की मला मावशी आठवते. सुभानपुऱ्यातल्या एका इस्पितळात मी पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर सांभाळायचे. एका दुपारी मावशी दांडिया बाजारातून चेवड्याचं पुडकं घेऊन तिथे आली. तिच्या मुलाचं जिच्याशी लग्न ठरलं होतं, ती मुलगी आमच्याकडे तपासायला येऊन गेली होती. “जरा बघून सांग ने, काय दुखणं आहे तिला?” मी म्हटलं, “मावशी, कुणाची फाईल अशी उघडायला कायद्याने मनाई आहे.” तिने पुडकं माझ्यापुढे सारलं. “इतकं लपवतेस म्हणजे काहीतरी असणारच,” म्हणाली आणि उठली. चार दिवसांत लग्न मोडलं. ती मुलगी कधी समोर आली, तर तिला काय सांगू? तिची फाईल मी उघडलीसुद्धा नव्हती.